तुरंगाची श्मश्रू

मार्गशीर्ष महिना लागला की आमच्या साक्री तालुक्यात दोन जिवांची श्मश्रू विशेष काळजीपूर्वक केली जाते: एक, ज्याचे लग्न ठरले आहे असा नवरदेव, आणि दुसरा, ज्याच्यावर तो बसणार आहे किंवा जो सारंगखेड्याच्या बाजारात विकला जाणार आहे असा घोडा. पहिल्याच्या मुखाची आणि दुसऱ्याच्या पायांची. दोघांपैकी कोणाचेही मत विचारण्याची वहिवाट नाही. फरक इतकाच की नवरदेवाच्या समोर आरसा धरला जातो आणि काम झाल्यावर मान डोलावण्याची त्याला मुभा असते, तर घोड्याला आरसा दाखवण्याची आवश्यकता अद्याप कोणास वाटलेली नाही.

सारंगखेडे हे तापीच्या काठचे, शहादे तालुक्यातील गाव. तेथे एकमुखी दत्ताचे देवालय आहे, दत्तजयंतीपासून यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार उभा राहतो. मारवाड, काठेवाड, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या मुलखांतून घोडी येतात, मेखा ठोकल्या जातात, अगाडी-पिछाडी बांधली जाते. देवाच्या दर्शनापेक्षा घोड्यांच्या दर्शनाला अधिक रांग लागते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही, कारण घोड्यांच्या दर्शनाला रांग लावण्याची पद्धतच नाही. तेथे जो तो आडवा घुसतो. १९०६ साली सरकारने अखंड खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, तेव्हा साक्री आणि सारंगखेडे ही दोन्ही गावे पश्चिमेच्या दप्तरात राहिली. परंतु पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार विभक्त झाला आणि त्या वाटणीत घोडेबाजार पलीकडे गेला. आमच्याकडे कालांतराने ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या आल्या हे खरे. परंतु पवनचक्कीला पाय एकच असतो आणि तोही जन्मतः गुळगुळीत, त्यामुळे प्रस्तुत विषयात तिचा काही उपयोग नाही.

आता या बाजारात जी एक मौजेची अडचण आहे, ती दत्तजयंतीच्या तिथीतच आहे. घोड्याच्या अंगावर हिवाळी केस येतात ते थंडी वाजू लागली म्हणून नव्हे, तर दिवस लहान होऊ लागला म्हणून. उजेड कमी झाल्याची वर्दी डोळ्यांवाटे मेंदूस पोचते आणि कातडीच्या नावे केस वाढवण्याचा हुकूम सुटतो. पावसाळा सरता सरता निघालेल्या या हुकुमाची अंमलबजावणी, इतर कोणत्याही हुकुमाच्या वाट्याला न येणाऱ्या तत्परतेने, दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत पुरी होते. आणि डिसेंबरात, जेव्हा धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत घसरून वर्तमानपत्रात मथळा मिळवतो, तेव्हा घोडा आपल्या केसाळपणाच्या परमोच्च बिंदूवर असतो. नेमक्या त्याच पंधरवड्यात त्याला मैदानात उभे करून ‘तकतकीत’ या विशेषणासह विकायचे असते. हाच बाजार वैशाखात भरता तर अर्धे काम सूर्यनारायणानेच उरकले असते. परंतु दत्तजन्म मार्गशीर्षी पौर्णिमेचा, आणि त्यास व्यापाऱ्यांचा इलाज नाही.

अंगावरचे केस एक वेळ समजूतदार असतात. दोन वेळा खरारा करावा, ओल्या फडक्याने पुसावे, हातावर थेंबभर तेल घेऊन पाठीवरून फिरवावे, म्हणजे ते निमूटपणे निजतात. पायांचे तसे नाही. गुडघ्याच्या मागून नसेच्या कडेने खाली उतरणारी झालर, खुराच्या वरच्या सांध्यामागे लोंबणारा झुबका आणि खुराच्या काठावर ओघळणारी किनार ही तीन स्थळे इतकी स्वतंत्र वृत्तीची असतात, की त्यांच्यावर तेल, पाणी किंवा साखरपेरणीचे शब्द यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही. आणि ते रास्तच आहे, कारण निसर्गाने हे केस शोभेकरिता नेमलेलेच नाहीत. अंगावरून निथळणारे पावसाचे पाणी पायांवरून खाली आले, की त्या झुबक्याच्या टोकाशी गोळा होऊन थेंबाथेंबाने जमिनीवर पडावे, टाचेच्या मागच्या खोबणीत मुरू नये, एवढ्यासाठी ती योजना आहे. त्या खोबणीतील कातडी मोठी नाजूक असते. सतत ओली राहिली की तीस भेगा पडतात, खपल्या धरतात, आणि ज्या घोड्याच्या चालीवर लाख रुपये लागायचे तो मोजून पावले टाकू लागतो.

असे असता हे केस काढायचे कशासाठी? येथेच घोडे पेंड खाते.

मारवाडी किंवा काठेवाडी घोडा हा कोरड्या, वालुकामय मुलखाचा प्राणी. त्याचे कान वर जाऊन आत वळतात आणि टोकाशी एकमेकांस भेटू पाहतात, कातडी पातळ असते, आणि पायांवर केस असे बेताचेच; नळी, नस, सांधा सारे निराळे निराळे मोजून घ्यावे. याउलट आमचे देशी तट्टू. डोंगर, चिखल, काटे, नाले यांतून ओझे वाहून नेणे हा त्याचा पिढीजात व्यवसाय, आणि त्या व्यवसायास अनुरूप असा केसांचा भरघोस सरंजाम त्याच्या पायांवर असतो. म्हणून जाणकार माणूस घोड्याच्या तोंडाकडे पाहण्यापूर्वी पायांकडे पाहतो. पायांवरचे केस हा घोड्याचा सातबारा आहे. आणि ते भादरणे म्हणजे इतर अधिकाराच्या रकान्यात आजोबांच्या काळापासून चढलेला बोजा तलाठ्याच्या नकळत खोडून टाकणे. ज्याच्या तीन पिढ्यांनी मिरच्यांची पोती वाहिली असा एखादा प्रामाणिक प्राणी एका दुपारीत, चार पायांवरून मशीन फिरताच, जोधपूरच्या एखाद्या ठाकुराच्या पागेचा नातलग ठरतो. कानांचे काय, असे विचाराल. तर कानांवर रेशमी गोंड्यांची कानटोपी चढवली की तोही प्रश्न उरत नाही.

आमच्या तालुक्यात खऱ्या तट्टाचे दर्शन घ्यायचे असेल तर ठेलारी मेंढपाळांचा वाडा रस्त्याने चाललेला पाहावा. पुढे मेंढरे, मागे कुत्री, आणि मध्ये ते तट्टू: त्याच्या पाठीवर तंबूचे कापड, भांडी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आदल्या रात्री जन्मलेले एक कोकरू आणि या सर्वांच्या शिखरावर अध्यक्षस्थानी बसलेले एक मूल. त्याच्या पायांवरचे केस गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले असतात, आणि ते कोणी कापत नाही. नवल असे की केस कापण्याची कला ज्याच्या हाती सर्वांत उत्तम आहे तो हाच माणूस. मेंढीची लोकर तो मोठ्या कातरीने असा उतरवतो की मेंढी उठून उभी राहिल्यावरच तिला आपण नागव्या झाल्याचे कळते. परंतु ती कातर घेऊन तो तट्टाच्या पायांशी कधी बसत नाही. मेंढीची लोकर विकली जाते. तट्टाचे केस कोण घेणार, असा त्याचा सरळ हिशेब आहे. आपले केस काढल्याने किंमत वाढते, ही बातमी त्या तट्टाला ते सारंगखेड्याच्या वाटेस लागेपर्यंत समजत नाही.

प्रत्यक्ष विधी पाहण्यासारखा असतो. यात्रेच्या आठवडाभर आधीचा मुहूर्त धरतात, कारण ताज्या कापणीवर मशीनच्या रेघा उमटून राहतात आणि त्या बुजण्यास काही दिवस द्यावे लागतात. जो आदल्या संध्याकाळी भादरतो तो आपल्या घोड्याच्या पायांवर कबुलीजबाबच लिहून देतो. घोड्याला आधी चंदीचा तोबरा चढवून खूश केले जाते. मग मोतद्दार पायाशी उकिडवा बसतो, एक हात गुडघ्यावरून खाली फिरवीत नेतो, कारण घोड्याच्या पायाला एकदम हात लावणाऱ्याचे पुढचे आयुष्य पोपट्याच्या शेंगा मऊ करून खाण्यात जाते. झालरीसाठी कात्री आणि कंगवा: कंगव्याने केस उलटे उचलावे, दातांच्या बाहेर आले तेवढेच कापावे, पुन्हा खाली यावे. खुराच्या किनारीसाठी कात्रीचे टोक आडवे धरून एक सरळ रेघ. आणि झुबक्यासाठी सलूनमधून एक दिवसाच्या बोलीवर मागून आणलेले झिरो मशीन, जे त्याच हंगामात गावातील प्रतिष्ठित गृहस्थांच्या मानेवरूनही फिरत असते. त्या गृहस्थांना हे ठाऊक नसते, आणि आम्हीही कोणाचे नाव घेणार नाही.

येथे एक गोष्ट अगदी जवळ वाकून पाहावी. झुबका उतरला की त्याच्या आत, सांध्याच्या मागे, वाटाण्याएवढी एक कठीण, करडी, शिंगाच्या जातीची गाठ दिसते. बहुतेक घोड्यांना ती असते. केसाळ पायांच्या घोड्याची मोठी, सडपातळ जातीच्या घोड्याची जेमतेम हाताला लागण्याएवढी. तिला वेदना नाही, काम नाही. केसांच्या आड ती जन्मभर निवांत असते. नवशिका मोतद्दार ती पाहून दचकतो, काटा रुतला असे समजून ओढू पाहतो आणि मग पिछाडीचा दोर किती लांब ठेवला होता याचा तत्काळ प्रत्यय घेतो. अनुभवी माणूस तेल लावून ती मऊ करतो व वरचा पापुद्रा अलगद सोलतो, कारण जाणत्या गिऱ्हाइकाचा अंगठा नेमका तेथेच जातो. केस कापता येतात. गाठ मात्र खरे बोलते.

पांढऱ्या पायांच्या घोड्याची आणखी निराळी गंमत. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असा पंचकल्याणी घोडा शुभ मानलेला, त्यामुळे त्याच्या पायांचा पांढरेपणा उठून दिसावा ही मालकाची स्वाभाविक इच्छा. परंतु पांढऱ्या केसांखाली कातडी गुलाबी असते आणि मशीन एक फेरा जास्त फिरले की पंचकल्याणी घोडा चारही पायांनी लाजलेला दिसू लागतो. त्या गुलाबी कातडीला ऊन सोसत नाही, माशा लगेच ओळखतात, आणि पाय आपटून आपटून घोडा जो थयथयाट करतो त्याला मालक गिऱ्हाइकाजवळ ‘नाचकाम शिकलेला’ म्हणतो. झिरो मशीनने गोटा करण्यापेक्षा कात्री-कंगव्याने बेताचे केस ठेवावे, असे आमचे मत आहे; पण आमच्या दारात घोडा नाही आणि डोक्यावरही विशेष काही उरलेले नाही, तेव्हा या मताला कोण किती वजन देणार?

तट्टू दाखवून घोड्याचे पैसे घेणे हा उद्योग काही सारंगखेड्याच्या वाटेवर जन्मलेला नाही. दिल्लीच्या तख्तावर अलाउद्दीन खिलजी होता (१२९६ ते १३१६) त्या काळी सरदार लोक हजेरीच्या दिवशी उत्तम घोडी उसनी आणून उभी करीत, तनखा घेत, आणि लढाईच्या दिवशी मात्र तट्टे पाठवीत. म्हणून त्याने घोड्यांना डाग देण्याची पद्धत चालू केली. अकबराने तीच पद्धत पुन्हा कडक केली, डागाबरोबर घोड्याची आणि स्वाराची चेहरेपट्टी दप्तरात नोंदवण्याचा कायदा केला, आणि १६०१ साली असीरगड घेऊन आमच्या खानदेशाचे नाव शाहजादा दानियालच्या नावावरून ‘दानदेश’ केले. ते नाव टिकले नाही. तट्टाला घोडा करण्याचा उद्योग टिकला. रंग, भोवरे, पांढरे पाय, कपाळाचा टिळा हे सारे चेहरेपट्टीत येत असे. पायांच्या केसांची नोंद घेत की नाही, हे सांगायला एखादा चेहरानवीस आज हयात असता तर आम्ही त्याला तडक सारंगखेड्यास पाठवला असता.

आणि गंमत पाहा, ज्या तट्टाची आज लाज वाटते त्याच्याच पाठीवर मराठ्यांचे राज्य उभे राहिले. शिलेदार स्वतःचा घोडा आणी, बारगिराला सरकारी पागेतून मिळे. पण दोघांच्याही मांडीखाली बहुधा भीमथडीचेच तट्टू असे: बुटके, काटक, मूठभर चंदीवर आणि वाटेतल्या गवतावर कोसच्या कोस जाणारे. अरबी समुद्रातून गलबतांनी येणारे आरबी घोडे सरदारांच्या मिरवणुकीसाठी, मोहिमेला तट्टूच. राज्यगीत म्हणून २०२३ साली महाराष्ट्र शासनाने जे गीत स्वीकारले त्यात भीमथडीच्या तट्टांना मानाची जागा आहे, ते गीत लागले की यात्रेच्या व्यासपीठावरील सगळी मंडळी ताठ उभी राहतात, आणि त्या व्यासपीठापासून हाकेच्या अंतरावर एका तट्टाच्या पायांवरचे केस, ते तट्टू असल्याचे कोणास कळू नये म्हणून, कापले जात असतात.

घोड्याला सजवण्याचा शौक मात्र शास्त्रसंमत आहे, याविषयी शंका नको. कौटिल्याने अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण लिहिले असून घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान, चंदनाची उटी आणि फुलांच्या माळा द्याव्या असे त्यात सांगितले आहे. आश्विनात नीराजन, पौर्णिमेस स्वस्तिवाचन हे वेगळेच. ज्या अमात्याने सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजून काढले त्याने घोड्याच्या गळ्यातील माळ विसरू नये, ही मोठी सुखाची गोष्ट आहे. श्मश्रूचा उल्लेख तेथे नसावा, कारण कंबोज-सिंधूकडचे घोडे वापरणाऱ्या पाटलीपुत्राला तट्टाचे लपवण्यासारखे काही नव्हते.

पृथ्वीच्या पाठीवर इतरत्र तरी काय चालते? स्कॉटलंडात क्लाइड्सडेल आणि इंग्लंडात शायर नावाचे अवजड घोडे आहेत, त्यांच्या पायांवर गुडघ्यापासून खुरापर्यंत केसांचा असा घोळ असतो की खूर आहे की नाही हे विश्वासानेच मानावे लागते. आणि तेथील प्रदर्शनांत तो घोळ जितका दाट तितका बक्षिसाचा हक्क बळकट. ते लोक हे केस साबणाने धुतात, त्यांत लाकडाचा भुसा चोळून वाळवतात, आणि फुगवून फुगवून मैदानात आणतात. त्याच देशात शिकारी घोडा असेल तर मात्र पाय तासून स्वच्छ करायचे, आणि डोंगरी तट्टांच्या काही वर्गांत एक केस कापला तरी परीक्षक नाक मुरडणार. म्हणजे पायांवर केस असणे चांगले की नसणे, हा प्रश्न सोडवण्यासाठी प्रथम घोडा कोणत्या मांडवात उभा आहे ते पाहावे लागते. स्पेनमध्ये खेचरांचे केस कातरणाऱ्यांचा पिढीजात धंदाच होता. आणि आपल्याकडे बिकानेरला उंटाच्या अंगावर कातरीने वेलबुट्टी कोरतात, ती पाहून उंटाचा मूळचाच तुच्छतेचा चेहरा अधिक खुलतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने खरजेच्या भीतीने आपली घोडी-खेचरे भादरून काढली आणि १९१७ च्या वसंतात फ्रान्समध्ये आरास येथे बर्फ पडले, तेव्हा ती बिचारी उघडी जनावरे थंडीने मेली. हा प्रसंग विनोदी लेखात ठेवण्याजोगा नाही, पण तो वगळणेही आम्हांस बरे वाटले नाही.

सुदैवाने न्यायाचे पाऊल, उशिरा का होईना, पडू लागले आहे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून असा नियम केला, की ज्या घोड्याच्या ओठांभोवतीचे आणि डोळ्यांभोवतीचे स्पर्शाचे लांब केस कापलेले असतील त्यास स्पर्धेत उतरता येणार नाही. अंधारात, तोबऱ्यात, गवतात घोडा त्या केसांनी चाचपडून पाहतो. घोड्याच्या मिशीला अशा रीतीने कायद्याचे संरक्षण मिळाले. पायांचा निकाल अद्याप लागायचा आहे. मिशीला प्रतिष्ठा आधी आणि पायांना नंतर, हा क्रम माणसांतही असाच चालत आला असल्यामुळे घोड्यांनी त्याबद्दल तक्रार करू नये.

परंतु खरी परीक्षा बाजारात. सारंगखेड्याच्या मैदानात सकाळी धुके विरघळू लागले की एकेका घोड्याभोवती माणसांचे कडे जमते, मोतद्दार त्याची रवाल चाल दाखवत धूळ उडवतो, कोणी दात पाहतो, कोणी भोवरे मोजतो, आणि ज्यांना घोडा घ्यायचा नसतो ते सर्वांत मोठ्याने बोलतात. गेल्या यात्रेत अशाच एका कड्यात आम्ही शिरलो. मधोमध एक कुमैत रंगाचा घोडा, कानटोपी चढवलेला, खुरांना काळे तेल चोपडलेले, आणि पाय असे की गारगोटीने घासून काढल्यासारखे. व्यापारी आमच्याच भागातला, बोलण्यात कसलेला.

“आप्पा, पहिले पाय देखा, मंग तोंड देखा,” तो आम्हांस म्हणाला. “घोडाना पाय देखीसन भाव ठरस!”

आमचे धोतर-कोटातील ध्यान गिऱ्हाइकाचे नव्हे हे त्याने तत्क्षणी ओळखले असावे, पण कड्यातील इतरांना ऐकू जाण्यासाठी कोणाला तरी उद्देशून बोलावेच लागते. त्या इतरांत पिंपळनेरकडचे एक वृद्ध शेतकरी होते, पांढरी टोपी, खांद्यावर घोंगडी. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग पुढे आले, घोड्याच्या खांद्यावर हात ठेवून तो हळूहळू खाली नेला, सांध्यामागे पोचल्यावर तळवा वरच्या दिशेने, केसांच्या उलट, एकदाच फिरवला, आणि मान वर न करता विचारले, “इन्ही दाढी कव्हय करी रे भो?”

कडे हसले. व्यापारी हसला नाही. “दाढी नही बाबा, जातच तशी शे.”

“मंग हाई काय टोचस?”

यावर उत्तर नसते. व्यापाऱ्याने एकदम विषय घोड्याच्या स्वभावाकडे वळवला, लहान मूलसुद्धा पोटाखालून जाईल असे सांगितले, आणि प्रात्यक्षिकासाठी मूल शोधू लागला. जवळ उभ्या असलेल्या सर्व बापांनी आपापली मुले मागे ओढली. बाबांनी दरम्यान अंगठ्याने ती आतली गाठ चाचपली, दुसरा पाय पाहिला, तिसरा पाहिला, चौथ्याला हात न लावता त्याच्याकडे नुसते पाहिले. घोडा वाईट नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. तट्टाच्या रक्तात कुठून तरी चांगली चाल उतरली होती. त्यांना तो लग्नाच्या हंगामासाठी हवा होता, आणि नवरदेवाला जोधपूरची वंशावळ लागत नाही, बँडच्या आवाजाने न उधळणारा घोडा लागतो. मग दोघांच्या हातांवर रुमाल पडला, रुमालाखाली बोटांची चाळवाचाळव सुरू झाली, व्यापाऱ्याच्या भुवया एकदा वर गेल्या, एकदा खाली आल्या, आणि शेवटी तो सौदा त्याने सकाळी पुकारलेल्या रकमेच्या बराच खाली तुटला. रुमालाखालचा आकडा कोणी सांगत नाही आणि विचारणे शिष्टसंमत नाही. पण त्या खुंटांनी व्यापाऱ्याला मशीनच्या भाड्याहून पुष्कळच अधिक खर्चात टाकले होते, एवढे त्याच्या तोबरा झाडण्यावरून दिसले.

दुपारी घोड्यांच्या साजाच्या दुकानांपाशी बाबा पुन्हा भेटले. शेजारी तोच कुमैत, दोरी नातवाच्या हाती. बाबांनी समोर लोकरीचे गोंडे मांडून घेतले होते: लाल, पिवळे, हिरवे, मधून घुंगरू ओवलेले, घोड्याच्या पायांत खुरांच्या वर बांधायचे. एक गोंडा त्यांनी घोड्याच्या सांध्यामागे, सकाळी तळवा फिरवला होता नेमक्या त्याच जागी धरून पाहिला, जरासा विरळ वाटला म्हणून परत टाकला, आणि दुकानदाराला त्याहून दाट दाखवायला सांगितले.

आम्हांला राहवले नाही. “बाबा, सकाळी तुम्ही या जागेचेच केस काढले म्हणून भाव पाडलात,” आम्ही म्हणालो, “आणि आता तिथेच लोकर बांधता?”

बाबांनी दाट गोंडा उचलला, उन्हात धरला, फुंकर मारून त्याची लोकर फुलवली.

“केस घोडाना व्हतात, आप्पा,” ते म्हणाले, “गोंडा मन्हा शेतस,” आणि चार पायांच्या चार गोंड्यांचा भाव ठरवण्यासाठी त्यांनी खांद्यावरचा रुमाल पुन्हा खाली ओढला.